संगणकावरची जत्रा : दोन खेळांची पारख

विद्यार्थी मित्रहो, संगणकावर मनोरंजन उद्यान उभारण्याचे खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असतील. मोकळी जमीन आणि थोडे भांडवल घेऊन सुरुवात करायची, रस्ते आखायचे, पाळणे उभारायचे, खाण्यापिण्याची दुकाने थाटायची आणि तिकिटांच्या पैशांतून उद्यान वाढवत न्यायचे, असे या खेळांचे साधारण स्वरूप असते. सर्वांत मोठे आकर्षण अर्थातच 'रोलर कोस्टर' या गाडीचे. उंचसखल, वळणावळणाच्या रुळांवरून ती धावते. बहुतेक गाड्यांना साखळीने एका उंच टेकाडावर ओढून नेतात आणि तेथून सोडून देतात. पुढचा सारा प्रवास टेकाडावर मिळालेल्या ऊर्जेवरच पुरा करायचा असतो.

या प्रकारचे दोन खेळ विशेष नावाजलेले आहेत. पहिला 'रोलरकोस्टर टायकून' हा १९९९ साली आला, दुसरा 'प्लॅनेट कोस्टर' २०१६ साली. दोहोंत चांगला कोणता, असे मुलांना विचारले तर बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : नवा, कारण तो अगदी खरा दिसतो. करमणुकीपुरते पाहिले तर या उत्तराबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु मी पदार्थविज्ञान शिकवते, आणि मला प्रश्न जरा वेगळा विचारावासा वाटतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यांपैकी कोणता खेळ अधिक शिकवतो? 'खरा दिसणे' आणि 'खरा असणे' यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर ओळखता येणे हेच विज्ञानाच्या शिक्षणाचे एक मोठे काम आहे, असे माझे मत आहे.

दोन खेळांची ओळख

जुना खेळ ख्रिस सॉयर या स्कॉटिश कार्यक्रमकाराने जवळजवळ एकट्याने लिहिला. चित्रे सायमन फॉस्टर यांनी काढली. बहुतेक सर्व कार्यक्रम सॉयर यांनी 'असेंब्ली' या, यंत्राच्या भाषेला अगदी जवळच्या भाषेत लिहिला. त्या काळच्या मंद संगणकावर शेकडो माणसे आणि डझनभर गाड्या एकाच वेळी चालवायच्या, तर एवढी काटकसर करणे भागच होते. या खेळातील जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी चौकोनांची आहे. रुळाचे तयार तुकडे एकापुढे एक जोडत जायचे. उतार ठरावीक, वळणे ठरावीक, आणि उभे वेटोळे, म्हणजे गाडी ज्यातून उलटी होऊन जाते ते, तेही ठरावीकच.

नवा खेळ इंग्लंडमधील केंब्रिज येथील फ्रंटियर डेव्हलपमेंट्स या संस्थेने तयार केला. याच संस्थेने २००४ साली जुन्या खेळाची तिसरी आवृत्ती बनवली होती. 'प्लॅनेट कोस्टर'मध्ये रूळ हवा तसा वाकवता येतो, पिळता येतो, एखादा भाग निवडून गुळगुळीत करता येतो. गाडीत बसल्याचा अनुभव घेता येतो. झाडे, पाणी, दिवे, सारेच डोळे दिपवणारे. या खेळाचाही दुसरा भाग २०२४ मध्ये निघाला. परंतु येथे मी पहिल्याचाच विचार करणार आहे.

दोन्ही खेळांत गाडीची चाचणी घेता येते, आणि चाचणीनंतर गाडीचा वेग, प्रवाशाला जाणवणारे बल वगैरे आकडे मिळतात. जुना खेळ त्यांचे आलेख काढून दाखवतो. नवा खेळ रुळावरच रंग भरून बल कोठे कमी, कोठे जास्त ते दाखवतो. येथेच आपले काम सुरू होते.

उतार आणि वेग

समजा, गाडी २० मीटर उंचीच्या टेकाडावरून जवळजवळ विरामावस्थेतून खाली सुटली. तळाशी तिचा वेग किती असेल? स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते, हे तुम्ही शिकला आहात. त्यावरून, वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. मग वेगाचा वर्ग ४०० येतो; म्हणजे वेग सेकंदाला २० मीटर, अथवा ताशी ७२ किलोमीटर. या हिशेबात गाडीचे वस्तुमान कुठेच येत नाही, हेही लक्षात घ्या.

आता टेकाड दुप्पट, ४० मीटर केले तर? पुष्कळ विद्यार्थी पटकन १४४ म्हणतात. हिशेब केला तर उत्तर येते ताशी सुमारे १०२ किलोमीटर. वेग दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करावी लागते.

जुन्या खेळात हे तपासणे फार सोपे आहे. १०, २०, ३० आणि ४० मीटरच्या आसपास उतार असलेल्या चार गाड्या बांधा. टेकाडाचा आकार तोच ठेवा, फक्त उंची बदला. तुकडे ठरावीक असल्यामुळे हे आपोआपच साधते. चाचणीनंतर 'सर्वांत मोठ्या उताराची उंची' आणि 'कमाल वेग' हे दोन्ही आकडे खेळ एकाच चौकटीत दाखवतो. ते वहीत उतरवा. किलोमीटरचे मीटर आणि तासाचे सेकंद करा. मग आडव्या अक्षावर उंची आणि उभ्या अक्षावर वेगाचा वर्ग घेऊन आलेख काढा. रेषा सरळ येते का? आरंभबिंदूतून जाते का? तिचा चढ २० च्या जवळ येतो का?

रेषा थोडी सरकलेली दिसली तर कारण शोधा. साखळीने गाडीला माथ्यावरच थोडा वेग दिलेला असतो. घर्षण थोडी ऊर्जा खाते. शिवाय गाडी म्हणजे काही एक बिंदू नव्हे. पुढचा डबा तळाशी पोचतो तेव्हा शेवटचा डबा अजून उतारावर असतो. यांपैकी कोणते कारण वेग वाढवील आणि कोणते कमी करील, हे आधी स्वतः ठरवा.

नव्या खेळातही हा प्रयोग होतो. पण तेथे प्रत्येक गोष्ट बदलता येत असल्यामुळे उंची बदलताना उताराचा आकारही नकळत बदलतो, आणि मग फरक कशामुळे पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा पहिला नियम. जुन्या खेळाचे बंधन येथे उपयोगी पडते.

वेटोळ्याचे गणित

दुसऱ्या एका बाबतीत मात्र नव्या खेळाची सरशी होते. उभे वेटोळे अगदी वर्तुळाकार बांधले तर काय होईल? माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम चिकटून राहायची असेल, तर तेथे वेगाचा वर्ग किमान गुरुत्वत्वरण × त्रिज्या एवढा हवा. माथ्यापासून तळापर्यंतची उंची दोन त्रिज्यांइतकी. म्हणून तळाशी वेगाचा वर्ग गुरुत्वत्वरण × त्रिज्या याच्या पाचपट होतो. वळण्यासाठी लागणारे अभिकेंद्री बल वजनाच्या पाचपट, आणि त्यात स्वतःचे वजन मिळवले की प्रवाशाला तळाशी वजनाच्या सहापट बल जाणवते. याला '६ जी' म्हणतात. ४० किलोच्या मुलाला आपण क्षणभर २४० किलोचे झालो असे वाटेल! गंमत अशी की या उत्तरात त्रिज्या कुठेच नाही. वर्तुळ लहान करा की मोठे करा, सहापट ते सहापटच.

हा काही नुसता कागदी हिशेब नाही. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथे १८९५ साली 'फ्लिप फ्लॅप' नावाची अशी वर्तुळाकार वेटोळ्याची गाडी सुरू झाली होती. लोकांच्या माना दुखावत, आणि बसण्यापेक्षा दुरून पाहणेच त्यांना पसंत पडे. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातील मॅजिक माउंटन उद्यानात 'रेव्होल्यूशन' ही गाडी आली. ती आन्टोन श्वार्त्सकोफ यांनी बांधली आणि वेर्नर श्टेंगेल या अभियंत्याने तिचे गणित केले. तिचे वेटोळे वर्तुळ नव्हते. पाण्याच्या थेंबासारखे, खाली रुंद आणि वर निमुळते होते. या वक्राला 'क्लोथॉइड' म्हणतात. रुळावरून जितके पुढे जावे तितकी त्याची वक्रता सारख्या प्रमाणात वाढत जाते. आगगाडीच्या मार्गावर सरळ रूळ आणि वळण यांच्यामध्ये याच जातीचा वक्र घालतात, म्हणजे डब्यातल्या माणसाला एकदम हिसका बसत नाही.

थेंबाच्या आकाराने काय साधते? वेटोळे २० मीटर उंच, माथ्यावर त्रिज्या ५ मीटर आणि तळाशी १५ मीटर आहे असे धरा. माथ्यावर वेगाचा वर्ग ५० पुरतो. तळाशी तो ५० अधिक ४००, म्हणजे ४५० होतो. त्याला १५ ने भागले की ३०, म्हणजे ३ जी. स्वतःच्या वजनाचा १ जी मिळवून एकूण ४ जी. तेवढ्याच उंचीच्या वर्तुळात ६ जी येत होते. नुसता आकार बदलल्याने प्रवाशाच्या मानेवरचा भार एक तृतीयांशाने उतरला!

जुन्या खेळात वेटोळे तयारच मिळते. त्याचा आकार ख्रिस सॉयर यांनी ठरवलेला. आपण तो बदलू शकत नाही, म्हणून त्यातून हा धडा शिकताही येत नाही. नव्या खेळात मात्र आधी वर्तुळासारखे आणि मग थेंबासारखे वेटोळे बांधून तळाचे 'जी' ताडून पाहता येतात. वक्रता म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी मला तरी नवाच खेळ अधिक पसंत आहे.

दोन दशांश स्थळे

आता दोन्ही खेळांच्या एका समाईक गोष्टीकडे वळू. जुना खेळ प्रत्येक गाडीला तीन गुण देतो : रंजकता, तीव्रता आणि मळमळ. नव्यात तीव्रतेच्या जागी भीती आहे. हे गुण दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेले असतात. उदाहरणार्थ रंजकता ६.८४. जुन्या खेळात त्याच चौकटीत गाडीचा कमाल वेग मात्र पूर्णांकात असतो.

विचार करा. वेग ही मोजता येणारी राशी आहे. तिच्यामागे न्यूटनचे नियम आहेत. रंजकता मोजायची कोणत्या उपकरणाने? तिचे एकक कोणते? खेळ लिहिणाऱ्याने ठरवले की इतक्या उतारांना इतके गुण, इतक्या वेगाला इतके, शेजारी देखावा असेल तर आणखी थोडे, आणि आडवे धक्के जास्त बसले तर वजाबाकी. हे ठरवणे मोठ्या कौशल्याचे आहे, पण तो कोणा एकाचा अभिप्राय आहे. तो निसर्गनियम नव्हे. मोजता येणारी गोष्ट पूर्णांकात आणि न मोजता येणारी शतांशापर्यंत, असा हा उलटा व्यवहार आहे! आकड्यापुढे दशांश चिन्ह दिसले की तो खरा, अशी आपली समजूत असते. ही समजूत खेळापुरती राहिली तर बिघडत नाही. पण जाहिरातीतही असेच आकडे भेटतात, आणि वर्तमानपत्रातही भेटतात. कोणताही आकडा दिसला की तो मोजलेला आहे की कोणी ठरवलेला आहे, हे विचारण्याची सवय या खेळांवर लावून घेता येईल.

उद्यानातील माणसांचेही असेच आहे. जुन्या खेळातील माणसे एकमेकांच्या आरपार जातात, आणि रस्त्याला फाटा आला की बहुधा मर्जीप्रमाणे वळतात. नव्या खेळातील माणसे एकमेकांना चुकवत चालतात आणि गर्दी प्रवाहासारखी वाहते. येथे नवे प्रतिमान खऱ्याच्या अधिक जवळ आहे, हे कबूल केले पाहिजे. तरीही ते प्रतिमानच. प्रतिमान म्हणजे खऱ्या गोष्टीतले काही ठेवून आणि पुष्कळसे सोडून बनवलेली वस्तू. नकाशा हे गावाचे प्रतिमान आहे. त्यात ओढा दिसतो, पण त्यात पाय भिजत नाहीत.

जे खेळात लिहिलेलेच नाही

खेळात जे कोणी लिहिले तेवढेच घडते. निसर्गात न लिहिलेलेही भेटते. याचा प्रत्यय घ्यायचा तर घरी एक साधा प्रयोग करा. एक गुळगुळीत लाकडी पट्टी तळाशी आडवी होईल अशी तिरकी बसवा आणि ८० सेंटिमीटर उंचीवरून काचेची गोटी सोडा. आपल्या सूत्राप्रमाणे तळाशी वेग सेकंदाला ४ मीटर यायला हवा. आडव्या जमिनीवर मोजलेले अंतर आणि लागलेला वेळ यांवरून वेग काढा. गोटी न घसरता घरंगळत असेल तर तो सेकंदाला ३.४ मीटरच्याही थोडा खालीच येईल. घर्षण आहेच. पण मोठे कारण निराळे आहे : गोटी पुढे जाताना स्वतःभोवतीही फिरते, आणि ऊर्जेचा सात भागांपैकी दोन भाग हिस्सा त्या फिरण्यात जातो. गोटीने हे आपल्याला न विचारता केले. खेळ लिहिणाऱ्याने असे काही लिहिले नसेल, तर खेळातली गाडी ते कधीच करणार नाही.

म्हणून प्रयोगशाळेऐवजी खेळ, हा विचार मला मान्य नाही. आजकाल काही ठिकाणी पडद्यावरील प्रयोग पाहून प्रयोगवही भरण्याची पद्धत पडू लागली आहे. पडद्यावर आलेख नेहमी सुबक येतो. मुलांना मग वाटते की विज्ञान असेच सुबक असते. खऱ्या मापनात आलेखाचे बिंदू इकडेतिकडे पडतात, आणि ते का पडले याचा शोध घेण्यातच खरे शिक्षण होते.

याहून गंभीर गोष्ट सुरक्षिततेची. खऱ्या मार्गाचे आगगाडीप्रमाणेच 'ब्लॉक' पाडलेले असतात, आणि पुढच्या ब्लॉकमध्ये गाडी उभी असेल तर मागची गाडी आपोआप थांबते. ही सोय या खेळांतही आढळते. इंग्लंडमधील आल्टन टॉवर्स उद्यानात २ जून २०१५ रोजी 'स्मायलर' नावाच्या गाडीवर काय झाले ते पाहा. एक रिकामी गाडी मार्गावर अडकून पडली होती. नियंत्रण यंत्रणेने मागची, १६ प्रवाशांची गाडी बरोबर थांबवली होती. परंतु कर्मचाऱ्यांना वाटले की यंत्रणाच चुकते आहे. त्यांनी तिचा हुकूम बाजूला सारून गाडी पुढे सोडली. दोन्ही गाड्यांची टक्कर झाली आणि दोन तरुणींना प्रत्येकी एक पाय गमवावा लागला. पुढे २०१६ साली न्यायालयाने उद्यान चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंड दंड केला.

मार्गाचे गणित चुकले नव्हते, यंत्रणाही चुकली नव्हती. चुकली ती माणसांची काम करण्याची पद्धत. खेळात गाडी आदळली तर मागचा साठवलेला डाव उघडता येतो. उद्या तुमच्यापैकी कोणी अशा गाड्या, पूल किंवा पाण्याच्या टाक्या बांधतील. तेथे साठवलेला डाव नसतो. म्हणून आधी हिशेब करणे आणि उत्तर अनपेक्षित आले तर थांबून कारण शोधणे, ही सवय आताच लागली पाहिजे.

मग निवड कोणती?

माझे मत स्पष्ट सांगते. ऊर्जा, वेग आणि आलेख शिकायला सुरुवात करणाऱ्याने जुना खेळ घ्यावा. तो साध्या संगणकावर चालतो. २०१६ पासून त्याची 'क्लासिक' नावाची आवृत्ती मोबाइलवरही मिळते. नव्याला मात्र चित्रांसाठी भारी क्षमतेचा संगणक लागतो, आणि तो तालुक्याच्या गावातील बहुतेक शाळांच्या आवाक्यात नसतो. ज्याला वक्रता आणि वेटोळ्याचे गणित समजले आहे, आणि तसा संगणक ज्याच्या हाताशी आहे, त्याने नव्याकडे अवश्य वळावे. ज्याच्याजवळ दोन्ही नाहीत त्याने मुळीच खंत करू नये. गोटी आणि पट्टी या दोहोंपेक्षा अधिक शिकवतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. हे खेळ वेळ फुकट घालवणारे म्हणून हाकलून लावू नका, आणि 'शैक्षणिक' म्हणून डोक्यावरही घेऊ नका. एक तास द्या. वहीत चार रकाने आखायला सांगा : माझा हिशेब, खेळाचे उत्तर, गोटीचे उत्तर, आणि फरकाचे कारण. गोटीसाठी उंची अर्थातच वेगळी असेल. म्हणून वेगाऐवजी 'हिशेबाच्या किती टक्के वेग आला' एवढेच तिच्या रकान्यात लिहू द्या. पहिला रकाना भरल्याशिवाय चाचणीचे बटण दाबायचे नाही, एवढा एकच नियम करा.

आणि मित्रहो, शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. 'फरक आला, कारण सापडले नाही' असे लिहावे लागले तरी चालेल. ते वाक्य वहीत असले म्हणजे पुढच्या तासाला काय शोधायचे ते ठरलेले असते.